जयसिंगपूर स्टँडवरची चाळीस मिनिटं

दुपारचे अडीच वाजलेत. जेवण झालं आहे आणि नुसती पाठ टेकायची म्हणून मी कॉटवर आडवा झालो आहे. झोपायचं नाही. साडेचारला संस्थेतली फर्जाना रिक्षा घेऊन न्यायला येणार आहे, पाचला मला बोलायचं आहे. पंखा एका गतीत फिरतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी फरशी कापतंय. तो आवाज कधी लांब जातो, कधी उशीखाली आल्यासारखा वाटतो. डोळे मिटले की पापण्यांच्या आत लालसर उजेड उरतो, आणि त्या उजेडात मी भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून बघतो.

"नमस्कार. मी भूपाल मगदूम. माझ्या पत्नीला सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता."

हे वाक्य खरं आहे. खोटं त्याच्या पुढे सुरू होतं.

इंदुमती गेली त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. 'सांगाती' ही आमच्या जयसिंगपुरातली छोटी संस्था. जुन्या तेलगिरणीच्या मागे दोन खोल्या आणि एक पडवी. विसरायचा आजार झालेली माणसं तिथं सकाळी दहा ते चार सांभाळतात, घरच्यांना तेवढीच उसंत मिळते. दर दुसऱ्या शनिवारी घरच्यांची बैठक असते. नवी माणसं येतात, पहिल्या दिवशी दाराशीच बसतात, आणि कुणी चहा पुढे केला की रडायला लागतात. आई रोज आपल्याला चोर समजते हे सांगताना एक हवालदार असा रडला होता की त्याची टोपी मांडीवरून खाली पडली तरी त्याला कळलं नाही.

या बैठकीत मला बोलायला लावतात. इंदूला मी अडीच वर्षं रोज तिथं नेलं-आणलं. ती अंथरुणाला खिळल्यावर तिचं सगळं माझ्या हातांनी केलं. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते खोटं नाही. पण मी सुरुवात करतो ती अशी, की स्टँडवरच्या गर्दीत तिचा हात सुटला, चाळीस मिनिटं मी वेड्यासारखा शोधत होतो, आणि सांगातीच्या मुलींनी तिला सांभाळून ठेवलं म्हणून ती मला परत मिळाली. वीस-बावीस वेळा तरी सांगितलं असेल. बायका डोळ्यांना पदर लावतात. मागच्या महिन्यात संस्थेनं पत्रक छापलं, त्यात माझ्या नावाखाली हेच आहे. फर्जानानं मला दहा प्रती दिल्या. मी त्या कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवल्या.

फरशी कापायचा आवाज थांबतो. पंख्याचाही थांबतो, पण वारा येत राहतो.

गादीचा पायथा दबतो. इंदू येऊन बसली आहे.

मी दचकत नाही. ती बसणारच होती, उशीर मलाच झाला, असं वाटतं. अंगावर मोरपंखी इरकल, केस नीट विंचरलेले, कपाळावर कुंकू. शेवटच्या वर्षात तिच्या चेहऱ्यावर जे रिकामं रिकामं आलं होतं ते आता कुठं दिसत नाही. माझ्या मनात येतं, तिकडं गेल्यावर माणूस बरं होत असणार. सगळं आठवत असणार. याचा आनंद व्हायला हवा, पण मी पाय जवळ ओढून घेतो. कारण सगळं म्हणजे सगळंच.

"इंदू," मी म्हणतो.

ती माझ्याकडे बघते. पाहुण्यांकडे आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी, अदबीनं.

"तुम्ही कुठल्या गावचं?"

"मी? इथलाच."

"असं होय." ती पदर सावरते. "मला वाटलं आमच्या मालकांच्या नात्यातलं कुणी. नाक तसंच हाय."

सांगायला लाज वाटते, पण ती मला ओळखत नाही हे कळल्यावर मला सुटल्यासारखं होतं. छातीवरचं ओझं उतरतं. मी उठून बसतो.

पाय खाली सोडतो तर खाली सांगातीची पडवी आहे. लांब टेबल आहे, आणि टेबलावर शेंगदाणे आणि चवळी एकत्र केलेला ढीग. तिथं रोज अकरा वाजता हेच काम देतात, निवडून वेगळं करायचं. बोटं चालू राहिली की माणूस शांत बसतं. इंदू निवडायला लागली आहे. टेबलाभोवती बाकीचेही बसलेत, पण सगळे पाठमोरे, कुणी वळत नाही. भिंतीवर त्यांनी रंगवलेली चित्रं असायची, तिथं आता एस.टी.च्या पाट्या लावल्या आहेत. नांदणी. शिरोळ. कुरुंदवाड. पुन्हा नांदणी.

"काय करतात तुमचे मालक?" मी विचारतो.

"स्टँडवर कंट्रोलर हाईत." तिची मान जराशी ताठ होते. "भोंग्यावर गाड्यांची नावं सांगतात. तुम्ही ऐकली असतील."

"तुम्ही ऐकलीत?"

"न्हाई. मला कधी नेलं न्हाई. म्हणतात, तिथं बायकामाणसाचं काय काम."

मी असंच म्हणायचो. अकरा वर्षं मी या गावच्या स्टँडवर होतो आणि ती सात-आठ किलोमीटरवर नांदणीत माझ्या आई-वडिलांचं करत होती. रोज किती गाड्या नांदणीला सोडल्या मी. तिला एकदाही बोलावलं नाही. माझी इस्त्रीची खाकी, शिट्टी, ड्रायव्हर-कंडक्टरांचे सलाम, आणि ती चौथी शिकलेली, मोठ्यानं बोलणारी. ती आजारी पडली म्हणून मला तिची लाज वाटायला लागली असं मी स्वतःला सांगत आलो. ती तेव्हा कुठं आजारी होती?

"एकदा एका माणसानं त्याच्या बायकोला स्टँडवर नेलं होतं," मी म्हणतो.

"कुणी?"

"तुम्ही नाही ओळखत."

ती ढिगातला एक वाटा माझ्यापुढे सारते. "सांगा की. पण हात चालू दे."

मी एक चवळी उचलतो. टेबल तेच आहे, पण आता ते तीन नंबरच्या फलाटावर आहे. गाड्या नाहीत. भोंग्यातून माझाच तरुणपणीचा आवाज येतो. तो गावांची नावं सांगत नाही. नुसता "लक्ष द्या, लक्ष द्या" म्हणतो आणि थांबतो.

"रिटायर होऊन त्याला आठ वर्षं झाली होती," मी सांगू लागतो. "मुलानं इथं फ्लॅट घेतला म्हणून बायकोला घेऊन नांदणीहून आला. बायकोला विसरायचा आजार. तो तिला कुणाकडं नेत नव्हता. कुणी विचारलं तर मुलीकडं गेलीय म्हणायचा. ती आतल्या खोलीत असायची."

"कशाला असं?"

"लाज वाटायची."

"कुणाची?"

"तिची."

ती मान हलवते. समजल्यासारखी. "मग?"

"एक दिवस तिला खरंच मुलीकडं न्यायचं होतं, सांगलीला. स्टँडवर आणली. बाकावर बसवली, आणि गाडी लागलीय का बघायला गेला. परत येतो तर बाकाखालनं ओघळ वाहतोय. साडी भिजलेली. आजूबाजूची माणसं उठून लांब झालेली, नाकाला रुमाल लावून."

तिची बोटं थांबतात.

"अगं बाई. दिवस कुठलं?"

"डिसेंबर."

"थंडी वाजली असंल तिला."

मी तिच्याकडे बघत राहतो. चार वर्षं तो ओघळ माझ्या डोळ्यांपुढे आहे. किती लांब गेला होता, कुणाच्या पिशवीपर्यंत पोचला होता, सगळं. तिला थंडी वाजली असेल हे माझ्या मनात एकदाही आलेलं नाही.

"मग त्यानं काय केलं?"

फलाटाच्या टोकाकडून देवमाने चालत येतो. माझ्या हाताखाली कंडक्टर म्हणून लागला होता, आता कंट्रोलर आहे. आत्ताही तो त्या दिवशीसारखाच येतो, हसत, मला बघून खांदे सरळ करत. तोंड हलतं. शब्द मात्र भोंग्यातून येतात. "नमस्कार साहेब! आज इकडं कुठं? अहो, ही बाई तुमच्याबरोबर हाय काय? कुणी सोडून गेलंय काय कळंना झालंय." फलाटावरची माणसं वळून बघतात. त्यांना चेहरे नाहीत, पण बघतात.

"ह्यानं विचारलं," मी इंदूला सांगतो, "ही तुमच्याबरोबर आहे का म्हणून."

"मग?"

"तो म्हणाला, नाही. मी ओळखत नाही."

ती विचार करते. कपाळावर आठी पडते, हिशेब लागत नसला की पडायची तशी.

"त्यालाबी तोच आजार होता काय?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं न्हाई त्याला, ती तुझी बायको हाय म्हणून?"

"त्याला माहीत होतं."

ती चवळी उचलते, डब्यात टाकते, परत बाहेर काढते.

"म्हणजे तो आजारी नव्हता."

"नव्हता."

"मला वाटलं, तोच आजारी."

तिच्या बोलण्यात राग नाही. मी थोबाडीत खायला तयार होतो, पण ती हात उचलत नाही. तिला फक्त गोष्ट नीट कळून घ्यायची आहे.

"पुढं सांगा."

"तो तिथनं गेला. रसवंतीच्या मागं जाऊन उभा राहिला. तिथनं बाक दिसत नव्हता."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"कसं कळलं?"

"तिथनं स्टँडवरचं घड्याळ दिसत होतं."

"बाक दिसत नव्हता, घड्याळ दिसत होतं."

"हो."

"काय करत होता चाळीस मिनिटं?"

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, डॉक्टरला नाही, जैन बस्तीत देवापुढं बसून मनातल्या मनातसुद्धा नाही.

"रस प्यायला. दोन ग्लास. नुसतं उभं राहिलं तर वाईट दिसेल म्हणून."

भोंगा म्हणतो, लक्ष द्या. लक्ष द्या. पाठमोरी माणसं निवडत राहतात. शेंगदाण्यांचा आवाज येतो, डब्यात पडताना. डबा काही भरत नाही.

"आणि ती?" इंदू विचारते.

"कोण?"

"ती बाई. चाळीस मिनिटं ती काय करत होती?"

"माहीत नाही."

"विचारलं न्हाई?"

"तिला सांगता आलं नसतं."

"दुसऱ्या कुणाला?"

त्या दिवशी सांगातीच्या दोन मुली स्टँडवर टेबल टाकून बसल्या होत्या, आजाराची माहिती द्यायला. फर्जाना मुजावर त्यातली एक. त्या इंदूजवळ जाऊन बसल्या हे मला माहीत आहे. त्यानंतर अडीच वर्षं मी फर्जानाला रोज भेटत होतो, अजूनही भेटतो, आणि हा प्रश्न मी तिला विचारलेला नाही. विचारला असता तर तिनंही मला एक विचारला असता.

"परत आला का तो?"

"आला. लांबून धावत आला. तिचं नाव घेत, धापा टाकत. म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं, शोधून शोधून दमलाय. धापा खोट्या होत्या. त्या मुलींनी आधी त्यालाच पाणी दिलं."

"चांगल्या पोरी," इंदू म्हणते. आणि उठते.

मीही उठतो. टेबल राहून जातं. ती पुढे चालते, मी मागे. मुंबईला गेलो तरी मी नेहमी चार पावलं पुढे चालायचो, आणि आता तिच्या पाठीकडे बघत चालताना मला कळतं की चार पावलं किती लांब असतात. फलाट संपत नाही. मग तो फलाट नाही, नांदणीच्या घराची परसदाराची वाट आहे, तुळशीपाशी तिचा धुण्याचा दगड आहे, आणि दगडापलीकडे एक लाल गाडी उभी आहे, दार उघडं टाकून. इंदू सवयीनं पायरी चढते. खिडकीला बसते. आत कुणी नाही. मी तिच्या शेजारी बसावं की समोर, मला कळत नाही. मी उभाच राहतो, दांड्याला धरून.

"बसा की," ती म्हणते.

मी बसतो. अंग चोरून, मधे अंतर ठेवून.

"त्या माणसाला," मी म्हणतो, "माफ करता येईल का?"

"कुणी करायचं?"

"तुम्ही."

"मी?" तिला हसू येतं. "मी कोण त्याची? त्या बाईला इचारा."

"ती गेली."

"गेली होय?" ती खिडकीबाहेर बघते. बाहेर उसाचं रान आहे, गाडी उभी असूनही मागं मागं जाणारं. मग म्हणते, "मग अवघड हाय."

एवढंच. एखाद्या चुकलेल्या प्रवाशाला शेवटची गाडी गेली म्हणून सांगावं तसं. मला रडू येईल असं वाटतं, पण येत नाही. रडलो तर ते धापांसारखंच होईल अशी भीती वाटते.

"हे सगळं तुम्ही डोक्यात ठेवलंय?" ती विचारते.

"हो."

"राहायचं न्हाई. विसराल. मी तर उतरायच्या आधी विसरते बघा. लिहून ठेवा."

"कागद नाही."

"हातावर लिहा."

माझ्या खिशाला पेन आहे. मी डावा तळहात उघडतो. गाडी हलते आहे, अक्षर वाकडं जातं. ती तिच्या दोन बोटांनी माझं मनगट धरते, हलू नये म्हणून. बोटं गार आहेत, आणि शेंगदाण्याच्या सालीनं खरखरीत. मी लिहितो. ती मान वाकवून वाचते, एकेक अक्षर, चौथीत शिकली होती तशी, ओठ हलवत.

"मी... ओ... ळ... ओळखत... न्हाई... म्हणालो." ती वर बघत नाही. "नाव घाला खाली. न्हाईतर कुणाचं हाय, कळायचं न्हाई."

मी खाली नाव घालतो. भूपाल.

ती वाचायला लागते. ओठ उघडतात, आणि मिटतात. आमच्या नांदणीत तिच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, सगळं विसरली, मुलांची नावं विसरली, पण माझं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. ती माझं मनगट सोडते. हळूच डोक्यावर पदर घेते.

आणि मान वर करायला लागते.

आता ती बघणार. त्या चेहऱ्यावर काय असेल ते मला बघायचं आहे, चार वर्षं बघायचं आहे. आणि मी डोळे मिटून घेतो.

बेल वाजते आहे. कुणीतरी बराच वेळ वाजवत असावं, कारण दोन बेलांमध्ये आता अंतरच उरलेलं नाही. साडेचार वाजून गेलेत. पंखा फिरतो आहे. मी कॉटच्या काठावर, शेजारी माणसाला बसता येईल एवढी जागा सोडून, कुशीवर झोपलो आहे. चादरीवर टोपण नसलेला पेन, आणि चादरीला निळा डाग.

तळहात उघडून बघतो. अक्षरं वाकडी आहेत, शेवटची वर चढत गेलेली, पण माझीच. *मी ओळखत नाही म्हणालो.* खाली, *भूपाल.*

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पेन खिशातच असतो माझ्या, झोपेत लिहिलं असणार. पण लिहिलं आहे.

मूठ मिटतो आणि दार उघडतो.

"झोपला होता व्हय काका?" फर्जाना जिना चढून धापा टाकते आहे. "मला काळजीच वाटली. चला, आज अकरा नवी कुटुंबं आलीत. एक सर आलेत, बायकोला घेऊन. ते आतच यायला तयार नाहीत, बाहेर गाडीत बसलेत दोघं. म्हटलं मगदूम काका बोलले की येतील."

"फर्जाना, जरा बस."

"उशीर होतोय काका."

"त्या दिवशी स्टँडवर," मी म्हणतो, "मी यायच्या आधी. ती काय करत होती?"

ती माझ्याकडे बघते. मग चपला काढण्याच्या जागेवर जी खुर्ची आहे तिच्यावर टेकते.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," ती म्हणते. "मला वाटायचं, तुम्हाला त्रास होईल म्हणून मीही काढलं नाही. मावशी उठायलाच तयार नव्हत्या. आम्ही म्हटलं चला, आमच्याकडं चादर आहे, साडी बदलू. तर म्हणाल्या, जागा जाईल. शेजारी बाकावर चप्पल ठेवली होती. एक. पायातली काढून. रुमाल-बिमाल काही नव्हता ना त्यांच्याकडं. त्या चप्पलेवर हात ठेवून बसल्या होत्या. आमचं मालक गाडी बघायला गेलेत, दमून येतील, ही त्यांची जागा हाय, म्हणत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या." ती थांबते. "तसं कुणी बसायला येत नव्हतं म्हणा त्यांच्याजवळ. तरी हात काढला नाही. कुडकुडत होत्या नुसत्या."

मला ती चप्पल आठवते. मी धावत आलो, पाणी प्यालो, आणि बाकावर ती चप्पल बघितली. चारचौघांत तिला म्हणालो, "अगं, चप्पल बाकावर ठेवतात का? अक्कल आहे का काही?" एका हातानं ती खाली टाकली. आणि तिथंच बसलो. तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली होती. मला वाटलं, आजारानं हसतेय.

"काका?" फर्जाना म्हणते. "पाणी आणू?"

"नको. मला पाणी नको."

मी मूठ उघडून हात तिच्यापुढे धरतो. "आज मी हे सांगणार आहे. आधी तू वाच."

तिनं चष्मा आणलेला नाही. ती माझा हात धरून उजेडाकडे ओढते. वाचते. तिचे डोळे पहिल्या अक्षराकडे परत जातात. ती काहीतरी विचारेल म्हणून मी सवयीनं मनात उत्तर जुळवायला लागतो. देवमान्यानं विचारलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं, गर्दी होती, मी घाबरलो होतो. मग थांबतो. ती काही विचारत नाही. जिन्यात कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो.

"तो सर," ती शेवटी म्हणते, "गाडीची काच वर करून बसलाय. बायकोला खाली उतरवायलाच तयार नाही."

ती 'काका' म्हणत नाही.

"चल," मी म्हणतो.

ती उठते आणि माझ्याआधी जिना उतरायला लागते. माझा तळहात घामेजला होता. तिच्या अंगठ्याला निळी शाई लागली आहे. ती शाई पुसत नाही, मागे वळूनही बघत नाही. मी दार ओढून घेतो आणि चार पावलांचं अंतर ठेवून तिच्या मागून उतरतो.